पंच क्रमांक दोन

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जी काही पाखरं उडतात, फुलपाखरं भिरभिरतात आणि चतुर तळ्यावर घिरट्या घालतात, ती सगळी आमच्या साडभाऊंच्या परवानगीनं तसं करतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. निदान त्यांच्या नकळत तरी करत नाहीत. पळसाच्या ज्या फांदीवर बुलबुल बसला त्या फांदीची दिशा, जमिनीपासूनची उंची, बुलबुलाचं तोंड कुणीकडे होतं आणि त्या वेळी त्याच्या चोचीत काय मिळून आलं, हे सगळं त्यांच्या वहीत दोन पंचांच्या सह्यांनिशी नोंदलेलं आहे. जगात पक्षी पाहणारे पुष्कळ असतील. पाखरांचा पंचनामा करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला, हे माझं नशीब. त्याहून मोठं नशीब असं, की त्या पंचनाम्यांवरचा पंच क्रमांक दोन मी आहे.

साडभाऊ पोलीस खात्यात होते. पण चोरामागे धावणाऱ्यांत नव्हे, लिहिणाऱ्यांत. ठाण्यात ‘रायटर’ नावाचा एक माणूस असतो. चोर पळून गेला तरी चालतं, साहेब रजेवर गेले तरी चालतं, पण रायटर एक दिवस नसला की ठाण्याला कुलूप लावायची पाळी येते. अशी रायटरकी त्यांनी तीसेक वर्षं केली. अक्षर मोत्यासारखं वगैरे नाही, ज्वारीच्या कणसासारखं : दाणे गच्च, मधे फट नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि एक दुर्बीण दिली. दुर्बीण कशाला, असं कुणीतरी विचारलं तेव्हा एक हवालदार म्हणाला म्हणे, “आता आमच्याकडं दुरूनच पाहा, बावा.” साडभाऊंना ठाण्याकडे दुरूनही पाहायची इच्छा नव्हती. त्यांनी दुर्बीण अकोल्याच्या घरी नेऊन कपाटावर ठेवून दिली. ती खाली काढली ताईंनी. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. जन्म बार्शीटाकळीकडचा, बालपण वावरात गेलेलं, त्यामुळे पाखरं त्यांना आवाजावरून पाठ होती. पण जवळून तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांनी दुर्बीण खिडकीतून समोरच्या उंबराला लावली आणि ओरडल्या, “अवो, इकडं या! हा दिवसभर टुकटुक करणारा एवढासाच हाय काय? अन् याच्या कपाळाले कुकू कोणं लावलं?”

उंबरावर तांबट बसला होता. साडभाऊंनी पाहिला आणि त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. त्या दिवशी मी एका लग्नाच्या पत्रिका वाटत अकोल्यात त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो, म्हणून तो पहिला पंचनामा माझ्यासमोर झाला. “सदर पक्षी, चिमणीहून थोराड, रंग हिरवा, कपाळी तांबडा ठिपका, उंबराच्या पूर्वेकडील फांदीवर बसून सतत टुकटुक असा आवाज करीत असताना समक्ष मिळून आला. आवाजाचे कारण विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही.” खाली पंच क्रमांक एक म्हणून ताईंनी पूर्ण नावानिशी सही केली. मग वही माझ्यापुढे आली. “मास्तर, पायलं ना?” मी कपातून मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. मला उंबर दिसला. मी म्हटलं, “पाहिलं.” आणि सही ठोकली. माझ्या पापांची सुरुवात अशी एका कप चहावर झाली.

त्यानंतरचा दर वसंत आम्ही तिघांनी वाटून घेतला. एक रविवार अकोल्याकडचा, एक अमरावतीकडचा. अकोल्याच्या रविवारी मी पहाटेची गाडी पकडून जायचो, काटेपूर्णेच्या पाण्यावर नाहीतर कापशीच्या तळ्यावर दुपारपर्यंत भाजून निघायचो. अमरावतीच्या रविवारी ती दोघं बडनेऱ्याला उतरायची, आणि आम्ही छत्री तलाव, नाहीतर पोहऱ्याचं जंगल गाठायचो. आदल्या संध्याकाळी फोन ठरलेला. “जयभीम, मास्तर. उद्या साडेसहा. पांढरा सदरा घालू नका, पाखरं बिचकतात.” घालण्यासारखा माझ्याकडे एकच मळखाऊ सदरा होता, तो शाळेतल्या रंगकामाच्या वेळचा. तो घालून मी निघालो की माझी बायको म्हणायची, “चालले विज्ञानाचे सर. पोट्ट्याइनं पायलं तं फी वापस मागतील.” मी विज्ञान शिकवतो, हे इथं सांगून टाकलेलं बरं. चोचींचे प्रकार हा धडा मी गेली पंचवीस वर्षं उत्तम शिकवत आलो आहे. चोचीच्या मागचं पाखरू मात्र मला कधी दिसलं नाही.

साडभाऊंना पाखरू दिसायची एक खात्याची रीत होती. ते पाखरू शोधत नसत, त्याच्यावर पाळत ठेवत. एका झाडाखाली जागा धरायची, पाठ खोडाला टेकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची माहिती घ्यायची. सातभाई आले की, “टोळी आली.” भारद्वाज झुडपातून चालत निघाला की, “याची चालच चोराची हाय.” खंड्या तारेवर तासभर स्वस्थ बसला की त्यांना आपले जुने शिपाई आठवत, आणि काळा कोतवाल दिसला की ते स्वतः थोडे ताठ व्हायचे, तो वरच्या हुद्द्याचा असल्यासारखे. फुलपाखरांवर मात्र त्यांचा राग होता, कारण फुलपाखरू जबाब द्यायला थांबत नाही. एकदा कापशीच्या बांधावर रुईच्या झुडपाशी एक नारिंगी फुलपाखरू त्यांना असं काही नाचवत होतं, की अखेर त्यांनी तीस वर्षांचा दाबलेला आवाज बाहेर काढला. “ए! थांब!” फुलपाखरू निघून गेलं. रस्त्यानं दुधाचे डबे लावलेल्या सायकलवरून जाणारा एक माणूस मात्र पाय टेकून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. “साहेब, पानी नाई टाकत मी,” तो म्हणाला. कुणी काही विचारलंच नव्हतं. साडभाऊंनी त्याला जवळ बोलावून पाणी पाजलं, समजूत काढली, आणि आलाच आहेस तर म्हणून तळ्यावरच्या दोन बगळ्यांसाठी जादा पंच करून घेतलं.

चतुरांचा पंचनामा तर ताईंनी कायमचा बंद पाडला. झालं असं, की काटेपूर्णेच्या काठावर चतुरांची एक जोडी, जशी असते तशी, एकमेकांना शेपटीनं धरून वर्तुळ करून लव्हाळ्यावर बसली होती. साडभाऊ लिहू लागले, “सदर जोडपे दिवसाढवळ्या सार्वजनिक जागी...” ताईंनी वही ओढून घेतली. “लाज नाई वाटत? त्याइच्या संसारात काय लिहून राहिले!” त्यानंतर चतुर नुसते मोजायचे, त्यांच्याबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरलं. मोठाल्या कॅमेऱ्यांवर झाकणं घालून येणारी हल्लीची पोरं तळ्यावर भेटत. ती आदरानं विचारत, “काका, फोटो नाही काढत?” साडभाऊ म्हणत, “फोटोत काय हाय बाबू? फोटोले उलटतपासणी घेता येते काय?”

दहा वाजले की डबा उघडायचा. ज्वारीची भाकर, सांभार म्हणजे कोथिंबीर घातलेलं पिठलं, मिरचीचा ठेचा आणि कैरीचा तक्कू. ताईंच्या हातचा तक्कू खाल्ला की माणसाला खरं-खोटं काही सुचत नाही, हे मी माझ्या बचावासाठी नोंदवून ठेवतो. कारण सह्यांचा कार्यक्रम डब्यालगतच असायचा. नियम असा, की सह्या झाल्याशिवाय जेवायचं नाही. साडभाऊ एकेक पान वाचायचे, ताई एकेक पाखरू आठवून, “हो, थो शेपूट हलवणारा,” असं म्हणून सही करायच्या, आणि माझा डावा हात तोवर भाकरीवर पोचलेला असायचा. “मास्तर, पायलं ना?” “पाहिलं.” “हे पायलं?” “पाहिलं, पाहिलं.” अशा अकरा वसंतांत मी किती पाखरांवर सह्या केल्या, ते मोजायची हिंमत मला नाही. त्यांतली खरोखर पाहिलेली म्हणजे कावळे, साळुंक्या आणि एक मोर. मोरही ताईंनी माझी मान धरून वळवली म्हणून.

तुम्ही म्हणाल, दोन सह्यांचं एवढं काय? मीही एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना थट्टेनं विचारलं होतं, “भाऊ, पाखरू तुम्ही पाहिलं, ताईंनी पाहिलं. मग माझी सही काहून लागते?” त्यांनी वहीची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “मास्तर, ठाण्यासमोर चहाची टपरी असते. तिथं दोन माणसं बसूनच असतात. कागद लिहायचा, टपरीवर पाठवायचा, सह्या आल्या का झालं. म्या असे लई लिहिले. एकदा तं एका माणसाच्या घरी म्या पाय बी नाई टाकला अन् त्याच्या घरात काय काय भेटलं थे बसल्या जागी लिहिलं. वरून आलं, लिहिलं.” मी विचारलं, “मग त्याचं काय झालं?” “थे नका विचारू,” ते म्हणाले. गाडी आली. चढता चढता ते एवढंच बोलले, “म्हणून म्हटलं, रिटायर झाल्यावर तरी न पायलेलं लिहायचं नाई. पाखराचं का असेना.”

पुढच्या रविवारी डब्याच्या वेळी मी खरंच सगळं सांगून टाकणार होतो. पण तक्कू होता.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो. पोहऱ्याच्या जंगलात एक नाला आहे. चैत्रात तो ठिकठिकाणी तुटतो, पण बांबूच्या बेटाखाली एका डोहात पाणी टिकतं. त्या सकाळी साडभाऊ मोहाच्या झाडावरचा कसलासा आवाज ऐकून वर टेकाडाकडे गेले होते. ताई डोहाशी एका सपाट दगडावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, डोहाकडे पाठ करून, कांदा फोडत होतो. एकाएकी ताईंचा आवाज आला. ओरडणं नव्हे; लहान मूल झोपेत हसतं तसा काहीसा आवाज. मी वळलो. त्या उभ्या होत्या, दोन्ही हात छातीशी. “मास्तर! पायलं का? पांढरं निरं! जसा कापसाचा पेळू उडाला! डोकं काळं अन् शेपूट हे एवढं, दोन फिती जशा! थे पान्यात पडलं मास्तर, तीनदा पडलं अन् तीनदा त्याच फांदीवर जाऊन बसलं. तुमी पायलं ना?”

साडभाऊंनी विचारलं असतं तर मी नेहमीप्रमाणे “पाहिलं” म्हणून मोकळा झालो असतो. पण विचारत होत्या ताई. त्यांचा तो चेहरा समोर होता. एवढ्या खऱ्या आनंदात आपलं खोटं कालवायचं, हे मला जमेना. मी म्हटलं, “नाही ताई. मले नाही दिसलं.”

आणि नेमके त्याच क्षणी साडभाऊ टेकाडावरून खाली उतरले होते. त्यांनी दोघांचं ऐकलं.

तो पंचनामा त्यांनी तिथंच, दगडावर बसून लिहिला. ताईंनी सांगितलेला शब्द न् शब्द, पेळूसुद्धा. पंच क्रमांक एक, ताईंची सही. पंच क्रमांक दोनपुढे त्यांनी पेन टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. मी म्हणालो, “भाऊ, द्या ना, मी करतो सही. ताई म्हणतात म्हणजे होतंच पाखरू.” त्यांनी मान हलवली. “तुमी नाई म्हटलं मास्तर. पंचानं एकदा नाई म्हटल्यावर नाई.” त्यांच्या वहीत दोन सह्यांशिवायचं पान म्हणजे न झालेलं पान. स्वर्गीय नर्तक, आयुष्यात एकदा दिसावा असा पांढराशुभ्र नर, आणि तो ताईंचा ताईंनाच मिळाला नाही. मला वाटलं ताई चिडतील. त्या हसत सुटल्या. “माया पाखराले याइची सही लागते म्हणे! बह्याडच हाय दोघं बी.” मग भाकरी वाढताना म्हणाल्या, “पुढच्या साली मास्तरले याच दगडावर बसवजा. तोंड डोहाकडं करून. तिथं नाई दिसलं तं कोठी दिसन? घेऊन टाकू दोन नंबरची सही.”

पुढच्या साली ताई नव्हत्या. थंडीत दुखणं निघालं, दोन महिने दवाखाना झाला, आणि पळस फुलायच्या आत सगळं आटोपलं.

साडभाऊंनी यायचं थांबवलं नाही. फाल्गुन लागला तसा संध्याकाळी फोन वाजला. “जयभीम, मास्तर. उद्या साडेसहा.” पांढऱ्या सदऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. आता अकोल्याकडचा रविवार उरला नव्हता; दर वेळी पोहरा, दर वेळी तोच डोह. वही पिशवीतून यायची आणि पिशवीतूनच परत जायची. वाटेत कितीही पाखरं भेटली तरी ते नुसते पाहायचे. पंच क्रमांक एक नाही म्हटल्यावर लिहिणार काय? मी सुचवून पाहिलं की माझी बायको येईल, सख्खी बहीणच आहे. ते म्हणाले, “पंच बदलता येत नाई.” ताईंच्या त्या अर्ध्या पानासमोरचं उजवं पानही त्यांनी कोरंच सोडलं होतं, हे मला वही एकदा पिशवीतून घसरली तेव्हा दिसलं.

दुसऱ्या वर्षी, त्याच दगडावर बसून, मी एकदाचं बोललो. म्हटलं, “भाऊ, एक गुन्हा कबूल करायचा आहे. मी अकरा वर्षं न पाहता सह्या केल्या. जवळजवळ सगळ्या.” मला वाटलं, हा माणूस आता उठून निघून जाईल. त्यांनी दुर्बीणही डोळ्यावरून काढली नाही. “मले मालूम हाय.” “मालूम होतं? कधीपासून?” “तांबटापासून. तुमी उंबराच्या बुडाकडं पाहून राहिले होते.” मी खलास. “मग सही काहून घेतली?” आता त्यांनी दुर्बीण खाली केली. “तुमची ताई म्हणे, मास्तरच्या डोळ्यात पाखरू भरत नाई, पण माणूस संगतीले बरा हाय, येऊ द्या. अन् तिचं पायलेलं पक्कं राहे. एक पंच पक्का असला तं दुसरा नुसता हजर असला तरी मी धकवून नेलं. पण त्या दिवशी तुमी तोंडानं नाई म्हटलं ना मास्तर.” त्यांनी दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग ते हळूच म्हणाले, “त्या दिवशी बी धकवून नेता आलं असतं. म्या नेलं नाई. तिचं एकटीचं एवढंच एक होतं.”

त्या आठवड्यात मी डोळे तपासून घेतले. अकरा वर्षं मी ज्याला पाखरांची चपळाई समजत होतो, तो माझ्या चष्म्याचा नंबर निघाला. नवीन चष्मा आला आणि पन्नाशीत मला प्रथमच कळलं की बुलबुलाच्या बुडाशी लाल असतं, की टिटवी चालता चालता थांबून विचार करते, की छत्री तलावावरचा चतुर फिरून फिरून त्याच काडीवर बसतो. शाळेच्या पटांगणात मी मुलांना अशोकाच्या झाडावरचा शिंजीर दाखवला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, हा तर रोजच असते इथं.” असतो. रोजच असतो. मला ते सांगायला मुलगी लागली.

या वर्षी, ताईंनंतरच्या चौथ्या वसंतात, चैत्रातल्या एका रविवारी आम्ही गेलो. साडभाऊंनी आता सत्तरी ओलांडली आहे. नाल्यात उतरताना माझा खांदा धरतात आणि धरला नाही असं दाखवतात. तक्कू आता ते स्वतः करतात. त्यात कैरी असते, गूळ असतो, तिखट असतं, फक्त तक्कू नसतो. भाकर मात्र ते जिल्ह्याच्या नकाशासारखी करतात, तालुक्यांसकट. त्या दिवशी ऊन लवकर चढलं. मला त्यांनी नेहमीप्रमाणे सपाट दगडावर बसवलं, तोंड डोहाकडे. सह्यांचा नियम गेला तसा डब्याचा वेळही सैल झाला होता, म्हणून साडेआठलाच डबा उघडला. ते खाली मान घालून कांदा फोडत होते. मी घास तोडला, तक्कूला लावला आणि तोंडाकडे नेला.

बांबूच्या सावलीतून एक पांढरी रेघ निघाली. ती खाली आली, डोहात पडली, आणि पाण्याचे थेंब उडवत तीच रेघ उलटी वर गेली. एका वाळक्या फांदीवर ती थांबली तेव्हा ते पाखरू झालं. काळं चमकदार डोकं, दुधासारखं अंग, आणि फांदीखाली लोंबणाऱ्या शेपटीच्या दोन लांब फिती, ओल्या. पुन्हा पडलं. पुन्हा त्याच फांदीवर. तिसऱ्यांदा पडलं, वर गेलं, अंग झटकलं आणि बेटात शिरलं. कापसाचा पेळू. दुसरा शब्दच नाही त्याला.

“भाऊ,” मी म्हटलं. “पाहिलं?”

साडभाऊंनी कांद्यावरून मान वर केली. “काय?”

आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझी काय गत झाली आहे. पाखरू फक्त मी पाहिलं होतं. ताईंनी काय सांगितलं होतं ते मला तोंडपाठ होतं. आणि साक्ष देणारा कोण, तर अकरा वर्षं खोट्या सह्या करून कबुली दिलेला इसम. मी सगळं भडाभडा सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. साडभाऊ ऐकत होते. त्यांचा तो जुना चेहरा आला, जबाब घेतानाचा.

“कोणती फांदी?”

मी दाखवली.

“किती वेळ?”

“माहीत नाही. भाऊ, शपथ घेतो...”

“शपथ राहू द्या. शपथा लई ऐकल्या.” ते माझ्याकडे पाहत राहिले, तोंडाकडे नव्हे, हाताकडे. मी खाली पाहिलं. तक्कू लावलेला घास अजून माझ्या बोटांत होता, वाटेतच थांबलेला, आणि तक्कूचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. साडभाऊंचा चेहरा हळूहळू सैल झाला. “घास हातातच राह्यला तुमचा,” ते म्हणाले. “अकरा वर्षांत पाखराचं नाव निघालं अन् तुमचा घास थांबला, असं कधी झालं नाई. पायलं तुमी.”

त्यांनी कांद्याचे हात पायजम्याला पुसले आणि पिशवीतून वही काढली. चार वसंतांनी. ताईंचं पान उघडलं. पंच क्रमांक दोनपुढची जागा तशीच होती. मी सदऱ्याला हात पुसून पेन घ्यायला पुढे केला, तर त्यांनी वही जरा मागे घेतली.

“तिथं नाई. त्या दिवशी तुमाले दिसलं नवतं.”

मग ते समोरच्या कोऱ्या उजव्या पानावर लिहू लागले. अक्षर तेच, ज्वारीच्या कणसाचं. स्थळ, वेळ, फांदीची दिशा. “तीन वेळा पाण्यात उडी घेऊन तीनही वेळा त्याच फांदीवर परत आला.” मी सांगितलेलं सगळं लिहिलं. खाली पंच क्रमांक एक असं लिहून त्यापुढची जागा मोकळी सोडली. त्याखाली पंच क्रमांक दोन, आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. आयुष्यात एवढ्या सावकाश मी सेवापुस्तकावरही सही केलेली नाही.

डावीकडे ताईंची सही, तिच्याखाली माझी जागा रिकामी. उजवीकडे माझी सही, तिच्यावर ताईंची जागा रिकामी. साडभाऊंनी दोन्ही पानांवर एकदा नजर फिरवली, शाई वाळायला फुंकर मारली, आणि वही मिटली. दोन्ही पानं एकमेकांवर बसली.

वही पिशवीत ठेवून ते पुन्हा कांद्याकडे वळले. बेटात कुठंतरी तांबट टुकटुक करत होता, आणि त्याचं कारण त्याला कुणी विचारलं नाही.

“खा आता, मास्तर,” साडभाऊ म्हणाले. “अन् तक्कू कसा झाला थे खरं सांगजा.”

मी घास तोंडात टाकला. मीठ फारच पडलं होतं. तसं सांगितलं.